राजाच्या चोपदाराच्या तोंडावर दार का आपटतात?

७ नोव्हेंबर २०२३ रोजी तिसरा चार्ल्स राजा म्हणून पहिल्यांदाच ब्रिटिश संसदेच्या अधिवेशनाचं उद्घाटन करायला आला. डोक्यावर मुकुट, अंगावर लांबलचक झूल, पुढेमागे मानकरी. तो लॉर्ड्सच्या, म्हणजे वरिष्ठ सभागृहात सिंहासनावर बसला आणि त्याने कॉमन्सना, म्हणजे निवडून आलेल्या खासदारांना, बोलावणं धाडलं. हा निरोप नेणाऱ्या अधिकाऱ्याला तिथे ‘ब्लॅक रॉड’ म्हणतात. हातातल्या काळ्या आबनुसी काठीवरून पडलेलं हे नाव. आपल्या भालदार-चोपदारांतला चोपदार समजा. पद चौदाव्या शतकातलं आहे, आणि त्यावर पहिली महिला आली ती थेट २०१८ साली.

चोपदार लांब दालन पार करून कॉमन्सच्या दारापाशी पोहोचतो, आणि नेमकं त्याच क्षणी आतून दार त्याच्या तोंडावर धाडकन आपटतात. मग काठीच्या टोकाने तीन ठोके. आतून जाळीतून कोण आहे ते पाहतात, आणि मगच दार उघडतं. खासदार उठतात, पण लगबग कुणालाच नसते. जोडीजोडीने गप्पा मारत, हसत, मुद्दाम रमतगमत लॉर्ड्सकडे निघतात. डेनिस स्किनर नावाचे एक मजूर पक्षाचे खासदार तर दर वर्षी या वेळी बसल्या जागेवरून काहीतरी खवचट बोलायचे. २०१७ साली अधिवेशनाचा दिवस आणि अ‍ॅस्कॉटच्या घोड्यांच्या शर्यती एकत्र आल्या, तेव्हा त्यांनी चोपदाराला आवरतं घ्यायला सांगितलं: पहिली शर्यत अडीचला आहे. राणीला घोड्यांचं वेड, हे सगळ्या सभागृहाला ठाऊक होतं.

टीव्हीवरचे समालोचक दर वेळी या प्रथेचा अर्थ एका वाक्यात सांगतात. १६४२ साली पहिला चार्ल्स सैनिक घेऊन कॉमन्समध्ये घुसला होता, तेव्हापासून राजाच्या माणसाला आधी दार बंद. हे खोटं नाही, पण फार गुळगुळीत आहे. कारण ज्या दिवसाची आठवण म्हणून दार आपटतात, त्या दिवशी ते दार सताड उघडं होतं. ते कुणी उघडं धरलं होतं आणि का, हे कळायला तेरा वर्षं मागे जावं लागतं.

पहिला चार्ल्स १६२५ मध्ये गादीवर आला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. अंगाने लहानखुरा, बोलताना अडखळणारा, चित्रांचा उत्तम पारखी, आणि राजाचा अधिकार थेट देवाकडून येतो यावर मनापासून विश्वास असलेला. बायको फ्रान्सची राजकन्या, त्यातून कॅथलिक. प्रॉटेस्टंट इंग्लंडच्या डोळ्यांत हे खुपत होतंच, पण खरी ठिणगी पडली पैशावरून. नव्या राजाला आयात-निर्यातीवरची जकात त्याच्या हयातीपुरती बहाल करायची, असा संसदेचा जुना रिवाज होता. चार्ल्सच्या वेळी कॉमन्सनी ती एकाच वर्षापुरती द्यायचं ठरवलं. राजाने पुढेही ती वसूल करणं चालूच ठेवलं. शिवाय सक्तीचं कर्ज काढलं, आणि जे देईनात त्यांना खटल्याशिवाय तुरुंगात टाकलं. १६२८ मध्ये संसदेने त्याच्याकडून लेखी कबूल करून घेतलं की संसदेच्या संमतीशिवाय कर नाही आणि कारण दाखवल्याशिवाय अटक नाही. त्याने कबूल केलं आणि जकात घेतच राहिला.

२ मार्च १६२९ रोजी सभापती जॉन फिंच यांनी राजाचा हुकूम सांगितला: सभागृह तहकूब. खासदार उठेनात. फिंच खुर्चीवरून उठायला लागले, कारण सभापती उठला की कामकाज संपलं. तेव्हा डेन्झिल होल्स आणि बेंजामिन व्हॅलेंटाइन या दोघांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून परत खुर्चीत दाबलं. सभागृहाची इच्छा असेपर्यंत तुम्हाला बसावंच लागेल, असं होल्सने शपथेवर बजावलं. फिंच रडू लागले. एका खासदाराने दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. बाहेर राजाचा ब्लॅक रॉड दार ठोठावत होता. त्याला कुणी आत घेतलं नाही. आत संमत व्हायचे ठराव जॉन एलियटने तयार केले होते, पण त्याने तो कागद आधीच जाळून टाकला होता. होल्सने ते आठवणीतून म्हणून दाखवले: संमतीशिवाय जी जकात चालली आहे ती वसूल करायचा सल्ला देणारा देशाचा शत्रू, आणि ती आपणहून भरणाराही. खासदारांनी होकाराची आरोळी दिली, दार उघडलं आणि सगळे पांगले.

म्हणजे काठीवाल्याच्या तोंडावर दार बंद झालं ते १६२९ मध्ये. माझ्या मते आजच्या सोहळ्यातलं दार या दिवसाशी जास्त जुळतं. पण १६२९ मध्ये राजा जिंकला होता, आणि हरलेल्या दिवसाचा सोहळा कोण करतो?

राजाने संसद विसर्जित केली, नऊ खासदारांना आत टाकलं. एलियट तुरुंगातच १६३२ मध्ये मेला. व्हॅलेंटाइन आणि विल्यम स्ट्रोड नावाचा आणखी एक खासदार सुटले ते १६४० मध्ये. १६२९ च्या त्या दिवसानंतर अकरा वर्षं इंग्लंडात संसद भरलीच नाही. आपल्याकडचा काळ ताडून पाहायचा तर, शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला (१६३०) तेव्हा तिकडे संसदेच्या दाराला कुलूप लागून वर्ष होत आलं होतं.

संसद नाही म्हणजे नवा कर नाही. मग वकिलांनी जुन्या पोथ्या उकरून ‘शिप मनी’ शोधून काढला. युद्धकाळात किनाऱ्यावरच्या गावांनी आरमारासाठी जहाजं किंवा त्यांचे पैसे द्यायचे, अशी जुनी पद्धत होती. चार्ल्सने १६३४ मध्ये तो शांततेच्या काळात लावला आणि पुढच्या वर्षी समुद्र कधी न पाहिलेल्या आतल्या परगण्यांवरही. सुरुवातीला पैसा बऱ्यापैकी आला. बकिंगहॅमशायरचा एक श्रीमंत जमीनदार, जॉन हॅम्पडेन, मात्र अडून बसला. स्टोक मॅन्डेव्हिलच्या त्याच्या जमिनीवर आकारले होते फक्त वीस शिलिंग. त्याच्यासारख्याला ती रक्कम म्हणजे काहीच नाही, भांडण तत्त्वाचं होतं. बारा न्यायाधीशांपुढे खटला चालला आणि १६३८ मध्ये सात विरुद्ध पाच असा राजाच्या बाजूने निकाल लागला. त्या सातांत एक होते जॉन फिंच. तेच, खुर्चीत रडलेले. राजाने त्यांना मधल्या काळात न्यायाधीश केलं होतं.

पाच न्यायाधीश विरुद्ध गेले हीच बातमी गावोगाव पसरली आणि लोक कर थकवायला लागले. त्यातच चार्ल्सने स्कॉटलंडवर इंग्लंडसारखी प्रार्थनापोथी लादली आणि स्कॉट लोक बंड करून उठले. युद्धाला पैसा हवा, पैशाला संसद हवी. एप्रिल १६४० मध्ये भरवलेली संसद त्याने तीन आठवड्यांत गुंडाळली. स्कॉट सैन्य इंग्लंडात शिरल्यावर नोव्हेंबरमध्ये पुन्हा बोलावली, आणि या खेपेस ती त्याच्या हातात राहिली नाही. फिंचवर महाभियोग आला, ते हॉलंडला पळाले. राजाचा उजवा हात असलेल्या स्ट्रॅफर्डचं डोकं मे १६४१ मध्ये उडवलं गेलं, तेही राजाच्या स्वतःच्या सहीने. शिप मनी बेकायदा ठरला.

इथवर बहुतेक खासदार एका बाजूला होते. पण ऑक्टोबरमध्ये आयर्लंडमध्ये कॅथलिकांचा उठाव झाला आणि तो मोडायला लागणारं सैन्य कुणाच्या हाती द्यायचं, यावर फाटलं. राजाच्या हाती दिलं तर उद्या तेच आपल्यावर येईल, असं जॉन पिमच्या गटाला वाटत होतं. त्यांनी राजाच्या कारभाराची लांबलचक दोषयादी मांडली. रात्री उशिरा मतदान झालं: १५९ विरुद्ध १४८. नुसत्या अकरा मतांचा फरक. ‘संसद विरुद्ध राजा’ असं आपण सर्रास म्हणतो, पण या घडीला जवळजवळ अर्धं सभागृह राजाकडे झुकलं होतं. थोडा दम धरला असता तर काळ त्याच्या बाजूने होता. दम धरणं चार्ल्सला जमलं नाही.

३ जानेवारी १६४२ रोजी त्याने पिम, हॅम्पडेन, होल्स, स्ट्रोड आणि आर्थर हेसलरिग या पाच खासदारांवर राजद्रोहाचा आरोप ठेवला आणि त्यांना ताब्यात घ्यायला माणूस पाठवला. तो सार्जंट-अ‍ॅट-आर्म्स, म्हणजे अटकेचे हुकूम बजावणारा अधिकारी होता. ब्लॅक रॉडचा या प्रकरणाशी संबंधच नाही. कॉमन्सनी विचार करून कळवतो असं मोघम उत्तर दिलं.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, दुपारी तीनच्या सुमाराला राजा स्वतः निघाला. बरोबर चारेकशे हत्यारबंद माणसं, तलवारी आणि पिस्तुलं. पण बातमी आधीच फुटली होती. दरबारातल्या लेडी कार्लाइलने ती फोडली असं म्हणतात. पाचही जण नदीकाठी लावलेल्या होडीतून लंडन शहरात सटकले.

तेव्हा कॉमन्सची बैठक सेंट स्टीफन्स चॅपेलमध्ये भरत असे. प्रार्थनामंदिरातले गायकांचे बाक समोरासमोर असतात, म्हणून खासदारही समोरासमोर बसत. सत्ताधारी एका बाजूला आणि विरोधक दुसऱ्या, ही बसायची पद्धत अशी एका चॅपेलच्या बांधणीतून आली. चार्ल्सने सैनिकांना बाहेरच्या दालनात थांबवलं आणि फक्त भाच्याला घेऊन आत शिरला. अर्ल ऑफ रॉक्सबरो दाराला पाठ टेकून उभा राहिला, दार मिटू नये म्हणून. आतल्या खासदारांना बाहेरची हत्यारं दिसत राहावीत, यासाठी. दार उघडं होतं ते यामुळे.

खासदार टोप्या काढून उभे राहिले. राजानेही टोपी काढली, दोन्हीकडे मान लववत चालत आला आणि सभापतींना म्हणाला की थोडा वेळ तुमची खुर्ची घेतो. मग त्याने बाकांवरून नजर फिरवली. पिम आहे का? कुणी उत्तर देईना. होल्स? पुन्हा शांतता. तेव्हा त्याने सभापती विल्यम लेन्थॉल यांना थेट विचारलं. लेन्थॉल काही धीट म्हणून प्रसिद्ध नव्हते. ते गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, महाराजांनी क्षमा करावी, या जागी मला पाहायला डोळे नाहीत आणि बोलायला जीभ नाही. हे सभागृह मला जे सांगेल तेवढंच, कारण मी इथे त्याचा सेवक आहे.

त्याआधी शतकानुशतकं सभापती हा राजाचाच माणूस मानला जाई, फिंच होते तसा. गुडघे टेकलेल्या अवस्थेत लेन्थॉल यांनी ते नातं तोडून टाकलं. चार्ल्स म्हणाला, असू दे, माझे डोळे काही कुणाहून कमी नाहीत. बराच वेळ पाहत राहिला. शेवटी म्हणाला, माझी सगळी पाखरं उडालेली दिसतात. तो दाराकडे निघाला तेव्हा मागून आरडाओरडा सुरू झाला: ‘प्रिव्हिलेज! प्रिव्हिलेज!’

आपल्या वर्तमानपत्रांच्या भाषेत सांगायचं तर: हक्कभंग! हक्कभंग!

हा सगळा तपशील आपल्याला इतका बारीक का माहीत आहे? कारण जॉन रशवर्थ नावाचा साहाय्यक कारकून टेबलाशी बसून लघुलिपीत टिपत होता. राजाच्या ते नजरेत आलं होतं. संध्याकाळी त्याने रशवर्थला बोलावून टिपण मागितलं. रशवर्थने अदबीने सांगितलं की सभागृहात कोण काय बोललं हे राजाच्या कानावर घातल्याबद्दल एका सदस्याला कॉमन्सनी लंडनच्या टॉवर या किल्ल्यात कोंडलं होतं. चार्ल्सचं उत्तर हजरजबाबी होतं: मी दुसऱ्या कुणाचं बोलणं विचारत नाही, मी स्वतः काय बोललो तेवढं हवंय. टिपण द्यावं लागलं.

राजाची बाजूही ऐकून घेण्यासारखी होती. राजद्रोहाच्या आरोपाला खासदारकीचं कवच मिळत नाही, असं त्याने त्या खुर्चीतून सांगितलं होतं, आणि त्या काळच्या कायद्यात याला आधार होता. पण कायदा काय म्हणतो याला चारशे तलवारींपुढे काही किंमत उरली नाही. दुसऱ्या दिवशी तो पाचांना मागायला लंडन शहरात गेला. शहराने दिले नाहीत. १० जानेवारीला तो राजधानी सोडून निघाला. ११ तारखेला पाचही जण मिरवत वेस्टमिन्स्टरला परतले. ऑगस्टमध्ये यादवी युद्ध सुरू झालं. चार्ल्स पुन्हा वेस्टमिन्स्टरला आला तो सात वर्षांनी, आरोपी म्हणून. ३० जानेवारी १६४९ रोजी व्हाइटहॉलमध्ये त्याचं डोकं उडवलं. कडाक्याची थंडी होती. थंडीने कापलो तर भीतीने कापतोय असं लोकांना वाटेल, म्हणून त्याने दोन सदरे घातले होते.

इथे थांबलं की गोष्ट छान दिसते. पण २० एप्रिल १६५३ रोजी त्याच सभागृहात पुन्हा सैनिक शिरले. या वेळी ते सेनापती ऑलिव्हर क्रॉमवेलचे होते, म्हणजे संसदेच्याच फौजेचे. क्रॉमवेलने सदस्यांना शिव्या घातल्या, राजदंडाकडे बोट दाखवून हे खेळणं उचलून न्या म्हणाला, आणि सगळ्यांना हाकलून दार बंद केलं. विधानसभेत कुणी आमदार राजदंड पळवतो तेव्हा आपल्याकडे दोन दिवस गदारोळ होतो. तिथे राजदंडही गेला आणि संसदही. खुर्चीत तेव्हाही लेन्थॉलच होते. त्यांना हाताला धरून खाली उतरवण्यात आलं.

१६६० मध्ये राजेशाही परतली. दुसरा चार्ल्स गादीवर बसला (पुढल्याच वर्षी त्याच्या लग्नाच्या करारात पोर्तुगिजांनी मुंबई आंदण दिली, तोच हा). बापाला मृत्युदंड देणाऱ्यांवर खटले सुरू झाले. त्यांतल्या थॉमस स्कॉटविरुद्ध पुरावा काय, तर त्याने सभागृहात केलेलं भाषण. आणि ते भाषण ऐकल्याची साक्ष द्यायला उभे राहिले विल्यम लेन्थॉल. अठरा वर्षांपूर्वी ज्यांना डोळे नव्हते आणि जीभ नव्हती, ते. स्कॉटला देहान्त शासन झालं. लेन्थॉल १६६२ मध्ये वारले. आपल्या थडग्यावर नाव-किताब काही नको, फक्त दोन लॅटिन शब्द कोरा अशी त्यांची इच्छा होती: ‘व्हर्मिस सुम’. मी किडा आहे. शाळेच्या पुस्तकांत त्यांचं १६४२ चं वाक्य असतं, १६६० ची साक्ष नसते.

सभागृहातल्या बोलण्यावर बाहेर खटला चालणार नाही, हे कायद्यात पक्कं झालं ते १६८९ च्या हक्कांच्या सनदेत. मग तेच हत्यार कॉमन्सनी बाहेरच्यांवर उगारलं. आमची भाषणं छापणं हा हक्कभंग आहे, असा ठराव त्यांनी १७३८ मध्ये केला. राजाने ऐकू नये म्हणून जी गुप्तता होती ती आता मतदारांनी वाचू नये म्हणून वापरली जाऊ लागली. लंडनच्या एका मासिकाने त्यावर तोड काढली: संसदेतले वाद ते गलिव्हरच्या गोष्टीतल्या ‘लिलिपुट’ देशाच्या सभागृहाचा वृत्तान्त म्हणून छापू लागलं. १७७१ नंतर कॉमन्सनी छापणाऱ्यांचा पिच्छा सोडला.

आपल्या राज्यघटनेत हे सगळं बिऱ्हाडासकट आलं. संसदेचे विशेषाधिकार अनुच्छेद १०५ मध्ये, विधिमंडळांचे १९४ मध्ये. ते नेमके कोणते हे घटनेत लिहिलं नव्हतं. कायदा होईपर्यंत ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्सचे जे आहेत ते, एवढंच म्हटलं होतं. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कॉमन्सचं नाव तेवढं काढलं. विशेषाधिकारांची पूर्ण यादी करणारा कायदा आजवर झालेला नाही. म्हणजे मुंबईत एखाद्या संपादकावर किंवा अधिकाऱ्यावर हक्कभंगाची नोटीस निघते, तेव्हा तिचं मूळ त्या चॅपेलमधल्या आरोळीपर्यंत जातं.

याचा कस लागला १९६४ मध्ये. गोरखपूरच्या केशव सिंग नावाच्या समाजवादी कार्यकर्त्याने एका आमदारावर भ्रष्टाचाराचे आरोप करणारं पत्रक काढलं. उत्तर प्रदेश विधानसभेने त्याला समज द्यायला सभागृहात आणवलं, तर तो अध्यक्षांकडे पाठ करून उभा राहिला. सात दिवस कैद झाली. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी जामीन दिला. त्यावर विधानसभेने ठराव केला की केशव सिंगला, त्याच्या वकिलाला आणि त्या दोन न्यायमूर्तींनाही पकडून सभागृहापुढे हजर करा! उच्च न्यायालयाचे अठ्ठावीस न्यायमूर्ती एकत्र बसले आणि त्यांनी ठरावाच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. प्रकरण राष्ट्रपतींमार्फत सर्वोच्च न्यायालयाकडे गेलं.

सरन्यायाधीश होते साताऱ्याचे प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. सात जणांच्या पीठात सहा विरुद्ध एक असं मत पडलं, आणि बहुमताचं मत त्यांनी लिहिलं. त्यात पानंच्या पानं इंग्लंडचा इतिहास आहे, कॉमन्स आणि न्यायालयं यांच्यातली भांडणं आहेत. त्यांचा मुद्दा असा की कॉमन्सकडे हे अधिकार आले कारण ती संसद एके काळी सर्वोच्च न्यायालयही होती. आपली विधानसभा तशी कधीच नव्हती. इथे सर्वोच्च आहे ती घटना. तेव्हा जामीन देणाऱ्या न्यायमूर्तींनी सभागृहाचा अवमान केलेला नाही.

न्यायमूर्ती सुटले. पुढे १९६५ मध्ये केशव सिंगची मूळ याचिका अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे आली, आणि ती फेटाळली गेली.